दाखला हातात आला, पण कामाला आला का?

पाणंद
दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या तालुक्याच्या गावी सेतूसमोर रांग लागते. उत्पन्नाचा, जातीचा, नॉन क्रिमीलेयर, डोमिसाईल, ज्याला जे लागेल ते. सध्या भावाच्या मुलीसाठी मीही या सगळ्यात आहे म्हणून धागा काढतोय.

माझं म्हणणं असं की कार्यालयाच्या लेखी दाखला निघाला की सेवा संपली. इतके अर्ज आले, इतके निकाली काढले, महिन्याचा अहवाल वर गेला. पण दाखला कोणी फ्रेम करून लावायला काढत नाही ना, तो प्रवेशाला लागतो, शिष्यवृत्तीला लागतो, फी माफीला लागतो. ती तारीख गेल्यावर आलेला दाखला सही, शिक्का, बारकोड सगळं बरोबर असूनही त्या पोरीच्या उपयोगाचा नाही. उलट नुकसानच, कारण तेवढ्यासाठी बापाचे रोज बुडालेले असतात, एसटीचं भाडं गेलेलं असतं आणि झेरॉक्सवाल्याचं वेगळं. हा खर्च कोणत्याच अहवालात दिसत नाही.

२०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या (ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. योजना चांगलीच आहे, मनापासून सांगतो. पण तिच्या दारातच हे कागद उभे आहेत.

तर सांगा, सरकारी सेवेमुळे तुमच्या घरात काही खरंच घडलं किंवा बिघडलं असं कधी झालं, आणि फरक नेमका कुठे पडला? नुसतं 'सगळे पैसे खातात' एवढंच लिहू नका, ते माहितीये, त्याच्या आतलं सांगा.

भीमथडी
चांगला धागा. वाचतोय.

रानजाई
आमच्याकडे बिघडलं. मुलीचं नॉन क्रिमीलेयर अगदी वेळेत मिळालं, निकालाच्या आधीच. आम्ही निवांत. मग नीट परीक्षेनंतर ऑल इंडिया कोट्याच्या काउन्सेलिंगला कळलं की केंद्राच्या नमुन्यातलं वेगळं लागतं आणि तेही त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेलं. आमचं राज्याच्या नमुन्यात होतं. अर्ज करताना खिडकीवर एका शब्दाने कोणी विचारलं नाही की बाई कशासाठी पाहिजे. विचारलं असतं तर त्याच अर्जात काम झालं असतं. ते फेरीपुरतं राहून गेलं, पुढे राज्याच्या कोट्यातून मिळालं कॉलेज, पण जे पहिलं हवं होतं ते नाही.

पाणंद म्हणतात तसं, आमच्या बाबतीत तर उशीरही नव्हता. मुदतीच्या आत दाखला दिला, कार्यालयाचे मार्क पूर्ण.

वाटसरू_७७
+१. 'कशासाठी पाहिजे' हा प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत.

खानदेशी_खापर
पडतात की भाऊ, वेळ पडतो. मागे रांग दाराबाहेर गेलेली असते.

पण रानजाई ताईंचं बरोबर आहे. हा राज्य-केंद्र नमुन्याचा घोळ दर वर्षी होतो. आणि अजून एक गंमत, काही जाती राज्याच्या यादीत आहेत पण केंद्राच्या ओबीसी यादीत नाहीत, त्यांना केंद्राचा नमुना मिळतच नाही. हे आधी बघून घ्या लोकहो.

लाल_शाई
मी महसूलमध्ये आहे. तलाठी म्हणा, आता आमचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय. कोणत्या जिल्ह्यात ते विचारू नका.

दोन्ही बाजू ऐका. जून महिन्यात एका गावात खरिपाचं चालू असतं, दुसऱ्या गावात वादळाने पत्रे उडालेले असतात त्याचे पंचनामे, ई-पीक पाहणीचं शेतकरी विचारत असतात, फेरफार पडून असतात, निवडणूक असली तर विषयच संपला. एकेका माणसाकडे आपली सजा (म्हणजे नेमून दिलेली गावं) सोडून दुसऱ्या सजेचाही चार्ज. त्यात एका आठवड्यात गावातली झाडून सगळी पोरं उत्पन्नाच्या अहवालासाठी येतात. मी रात्री घरी बसून अहवाल लिहिलेत.

आणि उत्पन्न ठरवायचं कसं? नोकरदाराचा फॉर्म १६ असतो. शेतकऱ्याचा सातबारा बघून अंदाज बांधायचा. मजुराचं काय, चहावाल्याचं काय? जास्त लिहिलं तर पोराची शिष्यवृत्ती जाते, कमी लिहिलं आणि उद्या कोणी तक्रार केली तर माझी नोकरी. लोक म्हणतात सही करायला काय जातं. सही करणाऱ्याचं जातं हो.

उंबरठा
लाल_शाई, तुमचा त्रास खरा आहे आणि तुम्ही इथे येऊन लिहिलंत याबद्दल आभार. पण एक विचारते, राग मानू नका. पंधरा दिवसांच्या मुदतीत चौदाव्या दिवशी 'त्रुटी' काढतात ते काय असतं? आमच्या अर्जाला अशीच त्रुटी निघाली, रेशनकार्डाची दुसरी बाजू स्पष्ट दिसत नाही म्हणून. पहिल्या दिवशी दिसत नव्हती का? अर्ज परत आमच्याकडे, आम्ही परत अपलोड, आणि दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.

लाल_शाई
खरं सांगतो, ते होतं. मुदत संपायला आलेले अर्ज स्क्रीनवर लाल दिसायला लागतात आणि वरून फोन येतो की पेंडन्सी, म्हणजे पडून असलेले अर्ज, शून्य करा. ज्यावर निर्णय करायला वेळ नाही त्यावर त्रुटी टाकली की तो आपल्या खात्यातून निघून अर्जदाराच्या खात्यात जातो. सगळे करतात असं नाही. पण आम्हाला विचारणा होते ती पेंडन्सीची, पोराला प्रवेश मिळाला का हे आजवर मला कोणत्याही मीटिंगमध्ये कोणी विचारलेलं नाही.

पाणंद
हेच मला हवं होतं. हे शेवटचं वाक्य कापून ठेवावं असं आहे.

वकील_वाडा
कायद्याचं थोडं सांगतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ सालचा. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणं हा हक्क. नाही मिळाली किंवा नाकारली तर ३० दिवसांत प्रथम अपील, मग द्वितीय, मग आयोगाकडे तिसरं. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये शास्ती. आपले सरकार पोर्टलवरूनच अपील करता येतं, वकील लागत नाही. लोक वापरतच नाहीत, म्हणून सांगतोय. वापरा.

सुगरण_सोलापूर
वकीलसाहेब, अपिलाचा निकाल किती दिवसांत?

वकील_वाडा
प्रथम अपिलाला ३० दिवस.

सुगरण_सोलापूर
आणि कॅप राउंडमध्ये, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या फेरीत, कागदपत्रं तपासायला किती देतात, चार-पाच दिवस. म्हणजे अपील जिंकेपर्यंत कॉलेज सुरू होऊन पोरांची पहिली चाचणी झालेली असणार. हक्क मिळाला आणि सीट गेली. कायदा वाईट आहे असं नाही म्हणत मी, पण प्रवेशाच्या दिवसांसाठी तो फार सावकाश आहे. अर्जात 'या तारखेच्या आत लागतो' असा एक रकाना का नसावा? दवाखान्यात नाही का आधी विचारतात, कोणाला तातडीचं आहे.

वकील_वाडा
रकान्याची कल्पना आवडली. तरी अपील कराच, कारण अपिलं झाली नाहीत की वरच्यांना वाटतं सगळं सुरळीत आहे.

मास्तर_परभणी
मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो, घडल्याचा अनुभव सांगतो कारण वर सगळं बिघडल्याचंच आलंय.

महाराजस्व अभियानात शाळेतच दाखले द्यायचे शिबिर असतं. बऱ्याच ठिकाणी ते फोटोपुरतं होतं. आमच्याकडे त्या वर्षी नवे नायब तहसीलदार आले होते, त्यांनी मला निरोप पाठवला की गुरुजी शिबिर कधी घेऊ ते तुम्ही सांगा. मी म्हटलं जानेवारीत घ्या, बोर्डाच्या आधी, पोरं शाळेत सापडतात तेव्हा. मग आम्ही वर्गावर्गातून प्रत्येक मुलाची पिशवी तयार केली. बोनाफाईड, वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, आजोबांचा मिळाला तर तो, रेशनकार्ड, आधार. ज्याच्या घरात काहीच नव्हतं त्याच्यासाठी मी आणि आमचा शिपाई जुन्या प्रवेश रजिस्टरांत बसलो. निर्गम उतारे काढून दिले. एका मुलाच्या आजोबांची नोंद सापडली ती दोन गावं पलीकडच्या शाळेत, पानाची कड वाळवीने खाल्लेली पण जातीचा रकाना शाबूत. तिथल्या मुख्याध्यापकांनी त्याच दिवशी उतारा दिला.

मग तलाठी, सेतूचा ऑपरेटर आणि मशीन शाळेत. अंगठे, फोटो, अर्ज, सगळं व्हरांड्यात. मार्च उजाडायच्या आत जातीचे दाखले पोरांच्या हातात. पुढे त्यातल्या बऱ्याच पोरांनी आयटीआय आणि डिप्लोमाला अर्ज भरले, आणि जूनमध्ये सेतूला रांग लागली तेव्हा आमच्या गावचं कोणी त्यात नव्हतं म्हटलं तरी चालेल.

हे सगळं नियमातच होतं. जादा निधी नाही, नवी योजना नाही. त्या साहेबांनी फक्त विचारलं, की तुम्हाला कधी सोयीचं.

भीमथडी
गुरुजी, साष्टांग.

रानजाई
मास्तर, वाचून बरं वाटलं. अशा माणसाची बदली झाली की पुढे काय होतं तेवढं पण सांगा.

मास्तर_परभणी
बदली झालीच. पुढच्या वर्षी मी शाळेत होतो, पिशव्या आम्ही केल्या, शिबिर मात्र जूनमध्ये लागलं. तरी कागद तयार असल्याने पोरांचे हेलपाटे वाचले. निम्मं काम आपल्या हातातलं असतं हे खरं.

टेकडीवरचा
मला थोडं वेगळं म्हणायचंय. सगळे दाखला लवकर कसा मिळेल यावर बोलताहेत. दाखला लागतोच कशाला यावर कोणी बोलत नाही.

आठवा, जून २०२४ च्या अखेरीस लाडकी बहीण जाहीर झाली. आधी उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र मागितलं. सेतूवर बायांची अशी गर्दी उसळली की विचारू नका. मग काही दिवसांतच बदल आला, पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला नको, अधिवासाच्या जागी पंधरा वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्म दाखला चालेल. एका फटक्यात रांग ओसरली. योजनेबद्दल मत काहीही असो, तो धागा नंतर काढा. माझा मुद्दा एवढाच की जी माहिती सरकारकडे आधीच आहे ती नागरिकाने पुन्हा सरकारकडून विकत आणून सरकारलाच द्यायची, हे बंद करता येतं आणि ते केलेलं आहे.

वाटसरू_७७
भारी मुद्दा. आधीही झालंय, २०१५ साली स्वयंघोषणापत्र आणि स्वसाक्षांकन आणलं तेव्हा. त्याआधी झेरॉक्सवर गॅझेटेड ऑफिसरची सही शोधत हिंडायचो. ते सुटलं तेव्हा केवढं हायसं वाटलं होतं.

खानदेशी_खापर
आणि तरी काही कॉलेजं अजून प्रतिज्ञापत्र मागतात. दाखल्यासाठीच्या प्रतिज्ञापत्राचं ५०० रुपयांचं मुद्रांक शुल्क २०२५ साली माफ झालं, पण स्टॅम्पवाल्याच्या टेबलापाशी उभ्या माणसाला ते कोण सांगणार? वरून नियम सुटतो, खालच्या टेबलावर तो पोचतच नाही. माझ्या मते सेवा बिघडते ती इथे.

लाल_शाई
टेकडीवरचा यांच्याशी मी कर्मचारी म्हणून शंभर टक्के सहमत. आमचं निम्मं ओझं या उत्पन्नाच्या दाखल्यांचं आहे. पण रेशनकार्ड सगळ्याला धरलं तर केशरी कार्डावर बंगलेवालेही आहेत. कुठेतरी कोणीतरी तपासायलाच लागेल.

टेकडीवरचा
मान्य. पण तपासायचं तर नंतर तपासा, सवडीने, संशय आला तिथे. प्रवेशाच्या दारात सगळ्यांनाच उभं करून नको. जात पडताळणीत करतातच की, बऱ्याचदा अर्जाची पावती दाखवून प्रवेश आणि वैधता प्रमाणपत्र नंतर.

उंबरठा
त्या 'नंतर'ने काय होतं तेही सांगते. माझ्या मामेभावाचा इंजिनीअरिंगचा प्रवेश पावतीवर झाला. समितीकडे प्रकरण अडकलं, कारण आजोबांचा पुरावा. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०. आता ज्यांचे आजोबा शाळेतच गेले नाहीत, ज्यांचं पाल आज इथे उद्या तिथे, त्यांनी १९६१ आधीचा कागद कुठून आणायचा? मामा तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाच्या (जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीच्या) नकला काढत बसले, त्यात काही मोडीत, वाचणारा माणूस गाठायचा, त्याचं लिप्यंतर करून घ्यायचं. सरकारने मुदत वाढवली हे खरं, दर वेळी वाढवतात. पण ते पोरगं पहिलं वर्षभर अभ्यासाला बसलं की मध्येच मामांना फोन, काय झालं व्हॅलिडिटीचं. मुदतीत नाही दिलं तर प्रवेश खुल्या गटात धरणार आणि पूर्ण फी भरा.

व्हॅलिडिटी मिळाली शेवटी. तरीही त्या वर्षाचं जे झालं ते झालं. मिळाली म्हणजे सेवा चांगली, असं मला म्हणवत नाही.

सुगरण_सोलापूर
हे वाचून घसा दाटला. पाल असणाऱ्यांचा मुद्दा फार महत्त्वाचा. ज्यांच्यासाठी सवलत आहे त्यांच्याकडेच कागद सगळ्यात कमी असतात.

टर्मिन_बर्लिन
परदेशातून लिहितोय म्हणून मारू नका. इथे सगळं छान असेल असा समज असेल तर तसं नाही, बर्लिनमध्ये नुसता पत्ता नोंदवायला ब्युर्गरआम्टची, म्हणजे इथल्या नागरिक सेवा कचेरीची, वेळ मिळवायची म्हणजे सकाळी उठून स्क्रीन रिफ्रेश करत बसायचं. पण एक फरक जाणवला. एकदा टेबलासमोर बसलं की समोरची बाई काम पुरं करूनच उठू देते. नोंदणीचा कागद सही-शिक्क्यासकट तिथल्या तिथे हातात. पुन्हा या, साहेब जेवायला गेलेत, असं ऐकलेलं नाही. माझा त्रास सगळा दाराबाहेरचा, आत गेल्यावर नाही.

खानदेशी_खापर
आमच्याकडे आत जायला कोणी अडवत नाही, बाहेर पडताना हातात काही नसतं.

मांडवीकाठ
गोंयकार इथे. आमच्याकडे मामलेदार कचेरीत पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला हा मोठा विषय, सरकारी नोकरीला तो लागतो. राज्य लहान असल्याने कचेरी जवळ, हा फायदा. ज्याला सकाळी जाऊन दुपारी शेतात परतता येतं त्याला तोच दाखला स्वस्त पडतो. अंतराचा हिशोब तुम्ही लोकांनी अजून केलाच नाही. गडचिरोलीतल्या भामरागडच्या आतल्या गावातून तहसीलला यायचं आणि पुण्यात हवेली तहसीलला जायचं, फी तीच, पण खर्च एकच आहे का?

मास्तर_परभणी
फार बरोबर. म्हणूनच शिबिर शाळेत घ्यायचं. यंत्रणेच्या एका फेरीत शंभर घरांच्या फेऱ्या वाचतात.

भीमथडी
इतका वेळ वाचत होतो, आता लिहितो. ऑनलाईनबद्दल. लोक म्हणतात ऑनलाईन झालं की प्रश्न मिटला. सातबाऱ्याचं खरंच मिटलं. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत, रात्री अकरा वाजता घरबसल्या काढलाय, बँकेनं घेतला. पूर्वी त्या एका उताऱ्यासाठी तलाठ्याची वाट बघत चावडीवर बसायचो. माझ्या वडिलांनी पहिल्यांदा मोबाईलवर स्वतःचं नाव, गट नंबर आणि क्षेत्र बघितलं तेव्हा चष्मा पुसून परत बघितलं.

पण दाखल्याच्या बाबतीत ऑनलाईन म्हणजे काय झालं, तर खिडकी तीच, मध्ये एक कॉम्प्युटर आला. फोटो इतक्याच केबीचा, कागद तितक्याच केबीचा, पावसाळ्यात नेट नाही, सर्व्हर डाऊन हे तर माझ्या आजीलाही पाठ झालंय. सातबाऱ्यात मी मागतो आणि यंत्र देतं, मध्ये कोणाचा निर्णय नाही. दाखल्यात मध्ये निर्णय आहे आणि तो निर्णय ऑनलाईन झालेला नाही. तो लाल_शाई रात्री घरी बसूनच करतात.

लाल_शाई
एकदम बरोबर पकडलंत.

रानजाई
भीमथडी, तुमच्या वडिलांचं वाचून छान वाटलं हो.

पाणंद
सगळ्यांचे आभार, इतकं येईल असं वाटलं नव्हतं. मी मूळ प्रश्न विचारला होता की फरक कुठे पडतो. हे सगळं वाचून माझं मत असं झालंय की फरक पहिल्याच मिनिटाला पडतो, कार्यालय माणसाला काय विचारतं तिथे. 'कागद कुठेत' विचारलं की पुढचं सगळं कागदाचं होतं. 'कशासाठी, कधीपर्यंत' विचारलं की पुढचं त्या पोरीचं होतं. मास्तरांच्या नायब तहसीलदारांनी तेच विचारलं. रानजाई ताईंना ते कोणी विचारलं नाही.

लाल_शाई, तुम्हाला एक विनंती. तुमच्या मीटिंगमध्ये पेंडन्सीच्या तक्त्यात एक रकाना तुम्हीच सुचवाल का, प्रवेशाच्या तारखेआधी दिलेले किती? आणि सुगरण ताईंचा 'या तारखेच्या आत लागतो' हा रकाना मी आपले सरकारच्या तक्रार पोर्टलवर सूचना म्हणून टाकतोय आजच.

लाल_शाई
सुचवतो. ऐकतील का माहीत नाही, पण आमचे प्रांताधिकारी नवीन आहेत, ऐकून घेतात.

वकील_वाडा
पाणंद, मसुदा इथे टाका, भाषा बघून देतो. सूचना एकट्याची नको, पाच-पंचवीस जणांनी तीच टाकली तर नोंद घेतात.

सुगरण_सोलापूर
माझं नाव धरा त्यात.

दुपारची_एसटी
नवीन सभासद. धागा वाचला, उशीर झाला का लिहायला? भाचीला पॉलिटेक्निकला जायचंय, ईडब्ल्यूएस काढायचंय. राज्याचं की केंद्राचं?

रानजाई
राज्यातल्या पॉलिटेक्निकला राज्याच्या नमुन्यातलं लागेल. पण आधी सांगा, पुढे ती केंद्राच्या कुठल्या परीक्षेला बसणार आहे का? असेल तर दोन्हीसाठी आत्ताच अर्ज करा. आणि जाताना रेशनकार्डाच्या दोन्ही बाजूंची स्वच्छ झेरॉक्स घेऊन जा, वर उंबरठा ताईंनी लिहिलंय बघा.

दुपारची_एसटी
दोन्ही काढते मग. सोमवारी जाते, सांगते काय झालं ते.